साहेबांच्या कोटाचं तिसरं बटण

१

जुन्या कपड्यांच्या दुकानाच्या काचेत साहेबांचा कोट लटकत होता.

मास्तर भर रस्त्यात थांबल्या. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळला, "आजी, थांबताना सांगत जा की," म्हणाला आणि निघून गेला. मास्तरांना ते ऐकूच आलं नाही.

राखी रंग, रुंद कॉलर, खांदे जरा चढते. असे राखी कोट जगात पुष्कळ असतील म्हणून त्या आत शिरल्या आणि कोणाला न विचारता त्यांनी कोट उलटा केला. अस्तरावर, डाव्या खिशापाशी, लाल दोऱ्याने काढलेली एवढीशी टोपी होती. ती त्यांनी स्वतः काढली होती. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात जायचा.

त्या काळी शहरात बायकांची एक नाटक कंपनी होती. पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करायच्या. एक उंच, नगाऱ्यासारख्या आवाजाची मुलगी नेहमी पुरुष व्हायची, म्हणून ती सगळ्यांची साहेब झाली. रंगपटात बसून सगळ्यांचे कपडे शिवणारी बुटकी मुलगी झाली मास्तर. कंपनी बुडाली, नाटकगृहाच्या जागी चपलांचं दुकान आलं. मास्तर लग्न होऊन लांबच्या गावी गेल्या, साहेबांनी लग्नच केलं नाही. तरी ही नावं काही सुटली नाहीत. शेवटच्या खेळानंतर मास्तरांनी रंगमंचावर घालायचा हा कोट साहेबांना भेट दिला, तेव्हा साहेब आरशासमोर गर्रकन फिरल्या होत्या.

"मास्तर, लिहून ठेव. हा कोट मी मेलो तरच दुसऱ्याच्या अंगावर जाईल."

आता तो दुसऱ्याच्या अंगावर जायला निघाला होता.

"मास्तर, या टोपीचे किती?" मागून आवाज आला. मास्तर सवयीने वळल्या. पण प्रश्न होता गल्ल्यावरच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याला. त्याने गिऱ्हाइकाला उत्तर दिलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"हा कोट कुठून आला तुमच्याकडे?" मास्तरांनी विचारलं.

"उत्तम शिवण आहे, नाही? पूर्वी मीही शिवायचो. परवा एक बाई देऊन गेली. धिप्पाड होती. चोरीचा नाही हं."

"पण ज्यांचा आहे त्या..."

दुकानदाराने चष्मा काढला. असा चष्मा माणूस एकाच कारणासाठी काढतो.

"त्या बाई गेल्या," तो हळूच म्हणाला.

मास्तरांनी गल्ल्याची कड धरली. दुसऱ्या हाताने त्यांनी पर्समधला फोन काढला. साहेबांचा मेसेज तिथेच होता. सकाळी, बस शहरात शिरताना आलेला.

'आज नक्की येते गं. किती वर्षांनी भेटणार! चहाच्या दुकानात वाट बघ.'

परवा जिचे कपडे विकायला आले, तिने आज सकाळी मेसेज पाठवला होता.

२

चहाचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. मास्तरांनी कोट विकत घेतला होता आणि आता तो समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर घालून त्या बसल्या होत्या. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, आजोबा हात धुवायला गेलेत.

सकाळ किती मजेत गेली होती! घरी मुलगा कुरकुरला होता, "आई, एकटी कशाला जातेस? रविवारी मी नेतो." त्या म्हणाल्या होत्या, "तू नेलंस तर दुकानात घड्याळ बघत उभा राहशील. खरेदी ही एकटीने करायची गोष्ट आहे आणि मैत्रीण ही दुकटीने भेटायची."

मग थेट बटणगल्ली. नातीच्या कोटाला बटणं हवी होती. बटणवाला तोच, फक्त त्याचं पोट पुढे आलेलं. नमुन्यांच्या पुठ्ठ्यावर एक मोठं, पोपटी हिरवं, कडेला कंगोरे असलेलं बटण होतं. मास्तरांनी त्यावरच बोट ठेवलं.

"ते सोडून बोला, आजी. असलं बटण आता येत नाही. होतं नव्हतं ते सगळं पाण्याच्या टाकीजवळच्या आश्रमवाल्यांनी उचललं, तिथल्या कामवाल्या बायकांच्या एप्रनना. म्हाताऱ्यांना लांबून दिसायला हवं म्हणे."

"मग मलाच दे की. मी काय तरुण आहे?"

तो खोखो हसला होता आणि त्यांनी निळी बटणं घेतली होती. पुढे लोकर, एक कात्री, साहेबांसाठी गळपट्टा. साहेबांचा गळा म्हणजे कंपनीची तिजोरी. गारठ्यात तो झाकायलाच हवा. गळपट्टा पिशवीत वर ठेवलेला होता, हाताशी. आता त्याच्याकडे बघवेना.

चहावाली मुलगी म्हणाली, "आजी, हा दुसरा चहाही गार झाला. अजून यायचंय का कोणी?"

"यायचं होतं," मास्तर म्हणाल्या.

आणि फोन वाजला. टिंग.

साहेबांचा मेसेज.

'अगं, तब्येत जरा बरी नाही. आज जमत नाही. रागावू नकोस हं. घरी येण्याची तसदी घेऊ नकोस. पुढच्या वेळी नक्की भेटू.'

मेलेलं माणूस एक वेळ भूत होऊन येईल, पण पुढच्या वेळी भेटू म्हणून कळवणार नाही.

३

घाबरलं की मास्तर शिवण बघत. नवरा आजारी होता तेव्हा दवाखान्यातल्या पडद्याची शिवण त्यांनी पाठ केली होती. त्यांनी कोट मांडीवर ओढला. कॉलर, खांदा, बाही, सगळं त्यांच्याच हातचं. पहिलं बटण काळं. दुसरं काळं.

तिसरं हिरवं होतं. मोठं, पोपटी, कडेला कंगोरे असलेलं.

ते पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं होतं. बाकीच्या बटणांचा दोरा जुना होऊन विटला होता, हा मात्र कालच्या दुधासारखा पांढरा. टाके वेडेवाकडे, जणू कोणी डाव्या हाताने घातलेत. आणि सगळ्यावर कडी म्हणजे गाठ. ती आतल्या बाजूला नव्हतीच. बटणाच्या छातीवर, उघड्यावर, माशी बसावी तशी ती बसली होती.

मास्तरांना रंगपट दिसला. पडदा उघडायला आलाय, बटण तुटलंय आणि साहेब स्वतःच सुई घेऊन बसल्यात.

"गाठ आत, साहेब! गाठ आत घ्यायची असते! हजारदा सांगितलं."

"गाठ दिसली पाहिजे, मास्तर. नाही तर बांधली होती हे कोणाला कळणार?"

साऱ्या जन्मात साहेब शिवणातलं एवढंच शिकल्या होत्या आणि तेही उलटं.

मास्तरांनी गाठीवरून बोट फिरवलं. हा हात साहेबांचा. दोरा ताजा. म्हणजे काही दिवसांपूर्वी साहेबांनी हातात सुई धरली होती. मग दुकानदार का म्हणाला, गेल्या?

त्यांनी पुन्हा फोन उघडला आणि वर्षभराचे मेसेज खालून वर वाचत गेल्या. जे त्यांना रोज दिसत होतं, ते आज कुठे पहिल्यांदा दिसलं.

"पोरी, पैसे घे," त्या उठल्या. "तसदी घेऊ नकोस म्हणते! आता घेतेच."

४

साहेबांच्या इमारतीत जिन्यावर एक शेजारीण झाडांना पाणी घालत होती. मास्तरांनी साहेबांचं नाव सांगितलं, तशी झारी खाली आली.

"अगंबाई, तुम्हाला कळलं नाही? त्या गेल्या की हो! महिना होऊन गेला. दारात पांढरी गाडी आली होती. दोघांनी उचलून खाली आणलं. मला तर बघवेना, मी दार लावून घेतलं."

मास्तर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एका बोटभर दोऱ्यावर त्यांनी आशा टांगली होती. दोरा महिन्याभराचा असू शकतो का? उन्हात न ठेवलेला दोरा वर्षभरही पांढरा राहतो, हे त्यांच्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

त्यांनी बेल दाबली.

दार भाचेसुनेने उघडलं. साहेबांनी बहिणीच्या पोरक्या मुलाला वाढवलं होतं, त्याची ही बायको. मास्तरांनी तिला फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलेलं. तिने मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या कोटाकडे, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी... मावशी जरा फिरायला गेल्यात."

"मावशी गावाला गेलीय," आतून भाचा म्हणाला. तो वर्तमानपत्र हातात घेऊनच बाहेर आला आणि थबकला. "मास्तरमावशी! तू?"

"मीच. आधी ठरवा, फिरायला की गावाला? दुकानदाराच्या हिशोबाने वर गेली आणि शेजारणीच्या हिशोबाने गाडीतून गेली. सकाळपासून मी एकच शब्द ऐकतेय, गेल्या, गेल्या, गेल्या. मेली असेल तर मेली म्हणा. मी ऐकायला तयार आहे."

मास्तर आत गेल्या. साहेबांची खोली उघडी होती. पलंगावर गादी नव्हती, भिंतीवर नाटकातले फोटो मात्र जागच्या जागी होते, पुसलेले. खिडकीत साहेबांचा चष्मा होता. टेबलावर त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि त्याचा दिवा जळत होता.

"बसा," मास्तर म्हणाल्या. घर मास्तरांचं असल्यासारखी दोघं बसली.

५

"आधी मेसेज. मला मेसेज कोण पाठवतं?"

"मी," भाचा चटकन म्हणाला. "सगळे मीच पाठवले. तिचा काही संबंध नाही."

"तू नाहीस."

"अगं, मी सांगतोय ना..."

"तू या कोटाचं शेपूट धरून रंगपटात रांगलास. तुझी मावशी माझ्याशी कशी बोलायची?"

भाच्याने मान खाली घातली. "येतो, जातो. पुरुषासारखं. मी हसायचो तुम्हाला."

"साऱ्या जन्मात ती मला 'येते' म्हणाली नाही. 'येतो रे मास्तर', 'मेलो रे मास्तर', आणि मीही तिला तसंच. तू लिहिलं असतंस तर 'येतो' लिहिलं असतंस. इथे वर्षभर 'येते गं', 'जेवले गं', 'रागावू नकोस हं'. हे लिहिणारं माणूस साहेबांना आईसारखं, मावशीसारखं ओळखतं, पण साहेब म्हणून त्याने त्यांना कधी पाहिलं नाही." मास्तर भाचेसुनेकडे वळल्या. "ते माणूस तू."

ती रडायला लागली. रडताना आवाजही करेना.

"आणि माझी अक्कल बघ," मास्तर म्हणाल्या. "मला वाटलं, साहेब म्हातारपणी मऊ झाली. मला बरं वाटायचं ते 'गं'. साहेब मेली तरी गोड बोलणार नाही, हे ठाऊक असून मी दुसरीच्या गोड बोलण्यावर वर्षभर जगले. बोल आता. जिवंत आहे का?"

"आहेत," ती म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटले. पदराने तोंड पुसलं. "मग माझ्यापासून का लपवलीत?"

भाचा उठून खिडकीशी गेला. "गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तिचा आवाज, मास्तरमावशी! पहिल्या आठवड्यात तुझा फोन आला. मी तिच्या कानाला लावला, तर तिने डाव्या हाताने फोन असा भिरकावला की भिंतीवर आपटला. तुला तरी कळता कामा नये, एवढं तिच्या डोळ्यांत दिसलं. तेव्हापासून तुझ्या फोनला मेसेजनेच उत्तर जायचं. महिन्यापूर्वी ती पलंगावरून पडली. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. शेवटी तिला जिथे रात्रंदिवस माणसं आहेत तिथे ठेवली. लोकांना काय सांगायचं? सोडून दिली म्हणतील."

"तुम्ही दर आठवड्याला विचारायचात, कशी आहेस," भाचेसून म्हणाली. "मला वाटलं, एकदा बरं आहे म्हणावं. मग दुसऱ्यांदा. मग थांबायचं कसं तेच कळेना. पण तुमचा प्रत्येक मेसेज मी त्यांना वाचून दाखवलाय. शपथ. त्या डोळे मिटून ऐकायच्या."

"आणि उत्तर तू परस्पर द्यायचीस, हे तिला ठाऊक होतं?"

"नाही."

"मी येणार, हे सांगितलंस?"

"सांगितलं. तेव्हापासून त्यांनी कोट हातातून सोडला नाही. मग परवा गेले तर कोट नव्हता. हरवला म्हणाल्या तिथल्या बायका."

"मास्तरमावशी, जाऊ नकोस," भाचा म्हणाला. "तुझ्यासमोर अशी बसायची तिला लाज वाटते. फोन भिरकावला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिची एवढी एक इच्छा राहू दे. पत्ता मी सांगणार नाही."

मास्तरांच्या मनात पहिल्यांदा शंका आली. खरंच, साहेबांना नको असेल तर? त्यांनी मांडीवरच्या कोटाकडे पाहिलं. गाठ उघड्यावर बसली होती.

"फोन भिरकावला तो वर्षापूर्वी," त्या सावकाश म्हणाल्या. "बटण लावलंय ते मी येणार हे कळल्यावर. माणूस डाव्या हाताने, बोटं टोचून घेत, कोटाला बटण लावतं ते लपून बसायला नाही. कुठेतरी जायचं असतं म्हणून लावतं." त्या उठल्या. "आणि पत्ता नका सांगू. तो कोटावर आहे. असलं हिरवं बटण या शहरात एकाच ठिकाणी मिळतं. पाण्याच्या टाकीजवळ."

भाचा बघतच राहिला. भाचेसून चपला शोधू लागली.

"मी येऊ?" तिने विचारलं.

"तू यायलाच हवंस. तिथे तिच्यासमोर बसून सांग, तिच्या नावाने काय काय लिहिलंस ते. मी तुला माफ करीन की नाही ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवीन."

६

आश्रमाच्या दारात एक धिप्पाड बाई भेटली. पांढरा एप्रन, त्यावर पोपटी हिरव्या बटणांची रांग. मास्तरांच्या हातातला कोट पाहून तिने कपाळावर हात मारला.

"अहो, हा कुठे मिळाला तुम्हाला? मी मेले इथे शिव्या खातेय!"

"तुम्हीच विकलात ना?"

"विकला? छे हो! बाईंनी इशारे करून बटण मागितलं, मी पेटीतलं दिलं. दोन दिवस बसून लावलं त्यांनी, कोणाला हात लावू देईनात. मग कोट माझ्या अंगावर ढकलायच्या आणि म्हणायच्या, मास्तर, मास्तर. तेवढा एकच शब्द उरलाय त्यांच्या तोंडात. पाणी हवं, मास्तर. खिडकी उघडा, मास्तर. डॉक्टर आले, मास्तर. मला वाटलं शिंप्याला द्या म्हणतायत, नीट करायला. त्या गल्लीत एक मास्तर आहेत जुने, त्यांना दिला. आज आणायला गेले तर तिथे कोट नाहीच."

"आणि त्यांना सांगितलंत काय?"

"काय सांगणार? ते म्हणाले, बाईंचं काय? म्हटलं, बाई गेल्या त्या घरातून, आमच्याकडे असतात आता. पण त्यांना ऐकू जरा कमीच येतं."

मास्तरांना हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. अर्धं वाक्य एका म्हाताऱ्याच्या कानात शिरलं नव्हतं आणि तेवढ्यावर एका माणसाचा जीव जाऊन परत आला होता.

"मास्तर मी," त्या म्हणाल्या. "कोट मला द्यायचा होता."

धिप्पाड बाईने तोंडावर हात ठेवला. मग ती पुढे चालू लागली.

खोलीत उजेड होता. खिडकीशी खुर्चीत साहेब बसल्या होत्या. खांदे अजून चढते, पण एक बाजू उतरलेली, ओठ जरा वाकडा. दाराचा आवाज झाला तशा त्या न वळताच म्हणाल्या, "मास्तर."

"बघा, दार वाजलं तरी मास्तर," बाई कुजबुजली.

दाराबाहेरच मास्तरांनी कोट अंगात घातला होता. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. त्या तशाच पुढे गेल्या आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. मागे दारात भाचेसून भिंतीला टेकून थांबली.

"आलो, साहेब," मास्तर म्हणाल्या.

साहेबांनी वर पाहिलं. बघतच राहिल्या. बाई वाट बघत होती, आता शब्द येईल म्हणून. तो आला नाही. पाण्याला, खिडकीला, डॉक्टरला ज्याचं नाव दिलं होतं, तोच समोर येऊन उभा राहिल्यावर नाव घ्यायचं कशाला?

साहेबांचा डावा हात उठला. चाचपडत कोटाला लागला. पहिलं बटण. दुसरं. तिसऱ्यावर येऊन थांबला. त्यांच्या तर्जनीच्या टोकावर सुई टोचल्याचे ठिपके होते. त्या बोटाने त्यांनी गाठ दाबून धरली आणि भुवई उंचावून मास्तरांकडे पाहिलं, अगदी पूर्वी प्रयोग संपल्यावर, कसा झालो मी, असं विचारताना बघायच्या तसं.

मास्तरांना ओरडायचं होतं, गाठ आत घ्यायची असते, हजारदा सांगितलं. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दिसली, साहेब," त्या म्हणाल्या. "दिसली रे गाठ."